परिचर्या आणि घरदलाली एका हाती

पूर्णवेळ नोकरी करणाऱ्या परिचारिकेने सुटीच्या दिवशी इस्टेट एजंटचे काम करावे की करू नये, हा प्रश्न निघाला की वाद बहुधा एकाच वळणाने जातो. एक बाजू म्हणते की ड्युटी संपल्यावरचा वेळ तिचा स्वतःचा आहे आणि त्यात ती काय करते हे विचारण्याचा रुग्णालयाला अधिकार नाही. दुसरी बाजू म्हणते की जिच्या हाती माणसांचे जीव असतात, तिने दुसऱ्या उद्योगात मन गुंतवूच नये. दोन्ही बाजू तासांचा हिशेब मांडत राहतात आणि त्या हिशेबात या जोडधंद्यातली सर्वांत अवघड गोष्ट सुटून जाते. परिचारिकेला शुश्रूषेच्या ओघात रुग्णाविषयी आणि त्याच्या कुटुंबाविषयी जे कळते, घरांच्या दलालाला नेमके तेच इतरांच्या आधी कळायला हवे असते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की परिचारिकांना या जोडधंद्याची सरसकट बंदी करणे अन्यायाचे आहे. मात्र जिने ज्याची शुश्रूषा केली, तिने त्याच्याशी किंवा त्याच्या घरच्यांशी जागेचा कोणताही व्यवहार करू नये, त्यांनी आपण होऊन गळ घातली तरी करू नये, आणि हा नियम एकेकीच्या सद्सद्विवेकावर न सोडता व्यवसायाच्या लेखी आचारसंहितेत यावा. (इथे ‘परिचारिका’ म्हटले तरी पुरुष परिचारकही त्यात आलेच.)

हा जोडधंदा परिचारिकांना का खुणावतो हे आधी समजून घेतले पाहिजे, नाहीतर पुढची सगळी चर्चा उपदेशाच्या अंगाने जाते. अनेक देशांत रुग्णालये बारा तासांच्या पाळ्या लावतात. आठवड्याला अशा तीन पाळ्या भरल्या की वेळापत्रकात चार दिवस रिकामे दिसतात. जागांच्या दलालीला मोठे भांडवल लागत नाही, दुकान थाटावे लागत नाही, आणि जिथे परवाना किंवा नोंदणी सक्तीची आहे तिथेही त्यासाठीचे प्रशिक्षण परिचर्येच्या शिक्षणाच्या मानाने थोडक्यात आटोपते. उलट परिचर्येत पगाराची चढण लवकर संपते. वीस वर्षे वॉर्डात काढलेल्या परिचारिकेला पुढे सरकायचे तर अध्यापनाकडे किंवा प्रशासनाकडे वळावे लागते, आणि दोन्हीकडच्या जागा मोजक्या असतात. रुग्णाला उचलणे, कुशीवर वळवणे, खाटेवरून खुर्चीत बसवणे या रोजच्या कामांनी पाठ आणि खांदे धरतात, आणि हे शरीर निवृत्तीपर्यंत साथ देईल का, ही काळजी चाळिशीतच सुरू होते. अशा वेळी बसून, बोलून, फिरून करता येणारे एखादे काम हाताशी असणे ही चैन नसून पुढची सोय असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ साली जगात २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि तरीही ५८ लाखांची तूट होती. ज्या गोष्टीची टंचाई असते तिचा भाव चढतो, हा बाजाराचा नियम परिचर्येच्या पगाराला मात्र फारसा लागू पडलेला दिसत नाही. तेव्हा परिचारिका दुसरी मिळकत का शोधतात, असे विचारणाऱ्याने पहिल्यांदा त्यांचे पगारपत्रक पाहावे.

दोन्ही कामांना लागणारे गुण मिळतेजुळते आहेत असेही सांगितले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलणे, किचकट गोष्ट सोप्या शब्दांत समजावणे, नोंदी चोख ठेवणे, नकोशी बातमी वेळेवर आणि सरळ सांगणे, हे ज्याला जमते तो चांगला एजंट होऊ शकतो. घर घेणे-विकणे हा बहुतेकांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा आर्थिक निर्णय असतो आणि त्या काळात माणसे आजारी माणसाइतकीच हळवी आणि संशयी झालेली असतात. एवढे मान्य करून पुढे जाऊ, कारण अडचण गुणांची नाही.

रुग्णाला घरी सोडण्याआधी परिचारिका त्याच्या खाटेशी बसून काय विचारते ते पाहा. घर कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का, आणि ती बंद पडली तर? झोपायच्या खोलीपासून स्वच्छतागृह किती लांब आहे, मध्ये उंबरा किंवा पायरी आहे का, भिंतीला धरायला काही आहे का? दिवसभर सोबत कोण असते? मुले कुठे असतात आणि कोण किती दिवस राहू शकेल? औषधांचा खर्च कोण पाहणार? हे प्रश्न भोचकपणाचे नसतात. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या सत्तरीच्या बाईंना तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पाठवायचे असेल, तर ही उत्तरे मिळाल्याशिवाय पुढची शुश्रूषा आखताच येत नाही. बाईही मोकळेपणाने सांगतात. यजमान जाऊन दोन वर्षे झाली. थोरला परदेशी असतो. धाकटीचे आणि त्याचे पटत नाही. घर अजून यजमानांच्याच नावावर आहे. जिने चढणे आता होणार नाही. परिचारिकेच्या नोंदीत ‘घरची परिस्थिती’ या मथळ्याखाली हे सगळे चार ओळींत उतरते.

त्याच चार ओळी आता दलालाच्या नजरेने वाचा. घर विक्रीला निघण्याची शक्यता दाट आहे. निर्णय घेणारी व्यक्ती एकटी आणि थकलेली आहे. वारसांत एकमत नाही, म्हणजे जो मध्यस्थ आधी विश्वास मिळवील त्याचे वजन पडणार. लिफ्टची किंवा तळमजल्यावरची दुसरी जागा लागणारच आहे, म्हणजे एकाच कुटुंबाकडून विक्री आणि खरेदी असे दोन सौदे. घरे बाजारात येतात ती पुष्कळदा आयुष्यातल्या उलथापालथीमुळे. घरात मूल येते, कोणी जाते, कोणी अंथरुणाला खिळते, कोणाला जिने झेपेनासे होतात, कोणाचा उपचारांच्या खर्चाने कणा मोडतो. यांतल्या बहुतेक घटनांची पहिली वार्ता रुग्णालयात लागते. मालकाने जाहिरात देण्याआधी, इतर एजंटांना कुणकुण लागण्याआधी त्याच्यापर्यंत पोचणे हे दलालीतले सर्वांत मोठे भांडवल असते, आणि वॉर्डातली परिचारिका तिथे आधीच पोचलेली असते, तीही आपुलकीच्या नात्याने. तिने दाराला कान लावून काही ऐकलेले नसते. ऐकणे हेच तिचे काम असते, आणि म्हणूनच हा पेच प्रामाणिकपणाचे दाखले देऊन सुटत नाही.

१८९३ साली डेट्रॉइटमधील एका परिचर्या प्रशिक्षण शाळेत लिस्ट्रा ग्रेटर यांच्या नेतृत्वाखालील समितीने परिचारिकांसाठी एक शपथ तयार केली. तिला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव दिले गेले, पण ती त्यांनी लिहिलेली नव्हती. त्या शपथेत रुग्णाने सोपवलेल्या खासगी गोष्टींबरोबरच काम करताना कानावर येणाऱ्या कौटुंबिक बाबीही गुप्त ठेवण्याचे वचन स्वतंत्रपणे घातलेले आहे. शुश्रूषा करणाऱ्या बाईला आजारापलीकडे काय काय दिसते, याची त्या समितीला पुरती कल्पना असणार. आपण मात्र गुप्ततेचा अर्थ फार आखूड लावतो. तिसऱ्या कोणाला सांगितले नाही म्हणजे ती पाळली, असे समजतो. समजा, त्या परिचारिकेने बाईंचे नाव कोणाजवळही काढले नाही, आणि पंधरा दिवसांनी स्वतःच फोन केला: “आजी, पाय कसा आहे आता? आणि घराचं काही ठरलं का?” माहिती कुठेही फुटलेली नाही. पण ती ज्या कामासाठी दिली गेली होती ते काम सोडून ती दुसऱ्याच कामाला लावली गेली आहे, आणि त्या दुसऱ्या कामात दलालीची रक्कम आहे. पहिला प्रश्न शुश्रूषेचा आणि दुसरा धंद्याचा, पण आजींना दोन्ही प्रश्न एकाच आवाजात ऐकू येतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा की रुग्णानेच विचारले तर? बाईंची धाकटी मुलगी म्हणते, “सिस्टर, तुम्ही जागांचंही बघता असं कळलं. आईच्या घराचं तुम्हीच बघा ना. परक्याच्या हाती द्यायला नको वाटतं.” इथे फसवणूक नाही, आग्रह नाही, उलट विश्वास आहे. नकार देणे उद्धटपणाचे वाटेल, आणि एखादा अप्रामाणिक एजंट त्या घरात शिरण्यापेक्षा हिने व्यवहार केलेला बरा, असेही कोणी म्हणेल. माझ्या मते नकाराचे खरे कारण त्या विश्वासातच आहे. मुलीने परिचारिकेची पारख केली ती रात्री तीन वाजता बेल वाजवल्यावर ती धावत आली यावरून. घराचा भाव तिला कळतो का, कागदपत्रांतली खोट तिच्या लक्षात येते का, खरेदीदाराशी ती ताठ बोलू शकते का, यावरून नव्हे. शिवाय जिने आपल्याला आंघोळ घातली, जखम धुतली, तिच्याशी दलालीच्या टक्क्यांवरून घासाघीस कोण करील? ‘आम्ही आणखी दोघा एजंटांना विचारून पाहतो’ हे वाक्य त्या नात्यात तोंडातून निघतच नाही. आणि बाई अजून उपचारांखाली असतील तर उद्याचे इंजेक्शन हिच्याच हातून घ्यायचे आहे, ही जाणीवही कुठेतरी असते. अनेक देशांच्या करारकायद्यात अनुचित प्रभावाची कल्पना आहे. रुग्ण आणि त्याचा वैद्य अशा नात्यात झालेल्या फायद्याच्या व्यवहाराकडे न्यायालये मुळातच संशयाने पाहतात. परिचारिकेचे नाते याहून कमी जवळचे नाही. पुढे थोरल्या मुलाने परदेशातून येऊन ‘आई औषधांच्या गुंगीत असताना हिने सही घेतली’ असा आरोप केला, तर तो खोटा असूनही खोडून काढणे परिचारिकेला जड जाईल.

आता पैशाच्या रचनेकडे पाहू, कारण दोन्ही व्यवसायांतला सर्वांत खोल फरक तिथे आहे. परिचारिकेला पगार मिळतो. रुग्ण आज घरी गेला काय किंवा चार दिवसांनी गेला काय, तिच्या मिळकतीत फरक पडत नाही, आणि म्हणूनच ‘अजून दोन दिवस थांबा’ हा तिचा सल्ला रुग्ण बिनदिक्कत ऐकतो. दलालाला मिळते ते सौदा पुरा झाल्यावर. न झाल्यास महिनोन्‌महिने जागा दाखवल्याचे काहीच पदरी पडत नाही. स्टीव्हन लेव्हिट आणि चॅड सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांनी शिकागो परिसरातील सुमारे एक लाख घरविक्रींचा अभ्यास करून २००८ साली दाखवले की एजंट स्वतःच्या मालकीचे घर विकतात तेव्हा ते सरासरी साडेनऊ दिवस जास्त बाजारात ठेवतात आणि त्याला सुमारे ३.७ टक्के अधिक किंमत मिळवतात. त्यामागचे कारण सरळ आहे. भाव थोडा वाढावा म्हणून आणखी थांबण्याचा फायदा जवळजवळ सगळा मालकाचा असतो, एजंटाच्या वाट्याला त्यातला किरकोळ हिस्सा येतो, आणि थांबण्याचे कष्ट मात्र त्याचे असतात. हे एजंट अप्रामाणिक होते असे या अभ्यासाने म्हटलेले नाही. मोबदला ज्या बाजूला ओढतो त्या बाजूला सल्ला नकळत झुकतो, एवढेच त्यातून दिसते. परिचारिकेचा सल्ला झुकलेला नसतो अशी रुग्णाची खात्री असते. दलालीच्या व्यवहारात शिरताना तो ही खात्री सोबत घेऊन येतो, आणि तिथे ती लागू नसते हे त्याला सांगायला कोणीही नसते.

या खात्रीची किंमत बाजाराला चांगलीच ठाऊक आहे. अमेरिकेत गॅलप ही संस्था वेगवेगळ्या व्यवसायांच्या सचोटीविषयी लोकांचे मत आजमावते. १९९९ मध्ये परिचारिकांचा त्या यादीत समावेश झाल्यापासून २००१ चा अपवाद वगळता त्या दरवर्षी पहिल्या आल्या आहेत. २००१ मध्ये, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर, तो मान अग्निशमन दलाला मिळाला. इस्टेट एजंटांचे स्थान त्याच यादीत बरेच खाली असते. तेव्हा गळ्यात स्टेथोस्कोप आणि हातात घराच्या किल्ल्या अशा छायाचित्राची जाहिरात काय करते, हे सांगायला नको. ‘मी परिचारिका आहे’ ही माहिती खरी आहे, ती लपवण्याचे कारण नाही, आणि एजंटाच्या परिचयात पूर्वीच्या किंवा चालू नोकरीचा उल्लेख आला म्हणून कोणी आक्षेप घेऊ नये. गणवेश मात्र वेगळा. तो तिच्या एकटीचा नाही. लाखो परिचारिकांनी मिळून त्याला जी पत मिळवून दिली आहे, ती एका फ्लॅटच्या जाहिरातीसाठी वापरण्याचा हक्क कोणा एकीला नाही. ब्रिटनमधील परिचर्या आणि प्रसूतिविद्या परिषदेच्या आचारसंहितेत, नोंदणीकृत व्यावसायिक म्हणून असलेला दर्जा आरोग्याशी संबंध नसलेल्या गोष्टींच्या प्रचारासाठी वापरू नये, असे कलमच आहे. इतर देशांच्या परिषदांनीही असे कलम घालायला हरकत नाही.

तासांचा मुद्दा मी मागे ठेवला, पण तो टाकून देण्यासारखा नाही. १९९७ मध्ये ड्र्यू डॉसन आणि कॅथरीन रीड यांनी दाखवून दिले की सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असलेल्या माणसाइतकी घसरते. २००४ मध्ये अ‍ॅन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९३ परिचारिकांच्या रोजनिशींचा अभ्यास केला, तेव्हा साडेबारा तास किंवा त्याहून अधिक लांबलेल्या पाळीत चूक होण्याची शक्यता तिप्पट आढळली. त्याच वर्षी अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने शिफारस केली की कोणत्याही परिचारिकेने २४ तासांत १२ आणि सात दिवसांत ६० तासांपेक्षा जास्त रुग्णसेवा करू नये. ही मर्यादा रुग्णसेवेच्या तासांची आहे. शनिवारी दिवसभर जागा दाखवत फिरून रविवारी रात्रीच्या पाळीला आलेली परिचारिका कागदोपत्री ताजीतवानी असते. शरीर मात्र नोकरीचे आणि धंद्याचे तास वेगळ्या वहीत मांडत नाही. आणि गिऱ्हाइकांना जागा पाहायला सवड असते ती संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी, म्हणजे जो वेळ पाळ्यांच्या चक्रात सापडेल तसा तिला मिळतो, तोच दलालीला सर्वांत आधी लागतो.

थकव्याइतकाच घातक ठरतो तो फोन. सौद्याचा एक स्वभाव असतो: तो दिवसचे दिवस निपचित पडलेला असतो आणि मग एका दुपारी तासाभरात काय ते ठरते. खरेदीदार वाढीव रक्कम सांगतो, समोरच्या खरेदीदाराचा निरोप येतो, मालक डळमळतो, आणि जो एजंट त्या तासाला फोन उचलत नाही त्याच्या हातून सौदा जातो. हाच तास औषधे देण्याच्या फेरीवर आला तर काय होते? परिचारिका ट्रॉलीपाशी उभी आहे. रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधांचा तक्ता ताडून पाहते आहे. सिरिंजमध्ये औषध भरताना मनात मात्रेचा हिशेब चालू आहे. आणि खिशात फोन थरथरतो. ती तो उचलत नाही, पण कोणाचा असेल हे तिला कळलेले असते. जोहाना वेस्टब्रुक यांच्या गटाने सिडनीतील दोन रुग्णालयांत ९८ परिचारिकांचे निरीक्षण करून २०१० मध्ये मांडले की औषध देताना येणाऱ्या प्रत्येक व्यत्ययागणिक कार्यपद्धतीतल्या त्रुटींत १२.१ टक्के आणि औषधोपचारातील चुकांत १२.७ टक्के वाढ दिसते. त्या अभ्यासातले व्यत्यय वॉर्डातल्या कामाचे होते. सौद्याचा व्यत्यय वॉर्डाबाहेरून येतो आणि न उचललेला फोनही मनात वाजत राहतो. ज्या परिचारिकेला ड्युटीवर फोन कपाटात बंद ठेवून त्यामुळे जाणारे सौदे सोडून देता येत नाहीत, तिने या धंद्यात पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या एजंटाबरोबर भागीदारी करून आपल्या पाळीच्या वेळेत त्याच्यावर काम सोपवणे हा व्यवहार्य मार्ग आहे. त्यात दलाली निम्मी होते, आणि ती व्हावीच.

इतके सगळे सांगितल्यावर बंदीच का नको, असे कोणी विचारील. बंदी नको, कारण ती घालणाऱ्यांचा हेतू फारसा निर्मळ दिसत नाही आणि परिणाम तर त्याहून वाईट होतो. माणसे कमी पडली की रुग्णालये त्याच परिचारिकेला पाळी संपल्यावर ‘अजून चार तास थांबा’ म्हणतात, सुटीच्या दिवशी बोलावून घेतात, रात्रपाळीवरून घरी गेलेलीला दुसऱ्या सकाळी पुन्हा उभी करतात. तेव्हा थकव्याचे अभ्यास कोणालाही आठवत नाहीत. तिने स्वतःच्या मिळकतीसाठी सहा तास खर्च केले की मात्र रुग्णाच्या सुरक्षेची काळजी उफाळून येते. तासांची मर्यादा घालायची तर ती दोन्हीकडे लागू व्हायला हवी: सक्तीच्या जादा पाळीलाही आणि स्वेच्छेच्या जोडधंद्यालाही. दुसरे असे की बंदीने जोडधंदा थांबत नाही, तो लपतो. परवाना भावाच्या नावावर निघतो, जाहिरातीत नवऱ्याचा फोन नंबर जातो, आणि मग आज रात्री ड्युटीवर आलेली सहकारी दिवसभर झोपली होती की जागा दाखवत होती, हे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टरला कळण्याचा कोणताच मार्ग उरत नाही. त्यापेक्षा उघडपणे कळवण्याची पद्धत बरी. परिचारिकेने जोडधंदा काय आहे आणि साधारण किती तासांचा आहे हे लेखी कळवावे. रुग्णालयाने त्यावर परवानगी देण्या-नाकारण्याचा अधिकार सांगू नये, पण पाळ्या लावताना ती नोंद विचारात घ्यावी. परवानगीची पद्धत आली की तिच्यामागून मर्जी येते, आणि मर्जी कोणाला मिळते हे नोकरी केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

आता मूळ नियमाकडे येतो. शाळेतला शिक्षक आपल्याच वर्गातल्या मुलांची पैसे घेऊन शिकवणी घेऊ लागला तर त्यात काय वावगे आहे, हे सर्वांना चटकन कळते. तो दुसऱ्या शाळेतल्या मुलांना शिकवू लागला तर तेवढा आक्षेप उरत नाही. परिचारिकेच्या बाबतीत रेघ तशीच ओढावी. जगात घरे घेणारे-विकणारे पुष्कळ आहेत. त्यांतला तिच्या वॉर्डातून गेलेला वाटा लहानच असणार. तो सोडला तर तिचा धंदा बुडत नाही. न सोडता तो वाढत असेल, तर तो कशावर वाढतो आहे हे उघड आहे. नियम रुग्णापुरता ठेवून भागणार नाही, जवळच्या नातेवाइकांनाही तो लागू व्हावा, कारण आजारपणात घराचे निर्णय बहुधा तेच घेतात. डिस्चार्जच्या दिवशी तो संपू नये. निदान वर्षभर तरी चालू राहावा. आणि व्यवहार स्वतः न करता दुसऱ्या एजंटाकडे पाठवून त्याच्याकडून हिस्सा घेणे हेही त्यातच धरले पाहिजे, कारण पळवाट तिथेच आहे. मुलीने विचारले तर उत्तर एवढेच: “ताई, आमच्या नियमात बसत नाही. परवाना असलेल्या दोघातिघांना भेटा आणि मग ठरवा.” नियमाचा आधार असला की हे वाक्य उद्धट वाटत नाही, तो नसेल तर प्रत्येक परिचारिकेला ते आपल्या जबाबदारीवर म्हणावे लागते, आणि भिडस्त माणसाला ते म्हणणे कठीण जाते.

घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेसाठी मात्र एवढेही पुरेसे नाही. वॉर्डात तिने घराचे वर्णन ऐकलेले असते. इथे ती घरातच असते. भिंतीतली ओल, गच्चीचा हक्क, कपाटातल्या फायली, कोण मुलगा भेटायला येतो आणि कोण नाही, सही करताना वृद्धाचा हात किती थरथरतो आणि त्याला आज कोणता वार आहे हे आठवते की नाही, सगळे तिच्या डोळ्यांसमोर असते. मालकाची आकलनशक्ती किती शिल्लक आहे याची डॉक्टरांपेक्षाही अचूक माहिती कित्येकदा तिलाच असते. अशा परिचारिकेने ज्या भागात ती घरोघरी जाते त्या भागात दलाली करूच नये, असे मी म्हणेन. हे कडक वाटेल, पण घरगुती शुश्रूषेत देखरेख करायला वरिष्ठ नसतो, शेजारच्या खाटेवरचा रुग्ण नसतो, ऐकणारे तिसरे माणूस नसते.

सगळे ओझे परिचारिकेच्याच डोक्यावर ठेवणेही बरोबर नाही. दलालीचा धंदा करणाऱ्या कंपन्या नवे एजंट घेताना ‘तुमच्या ओळखी किती आहेत?’ असे विचारतात आणि पहिल्या आठवड्यातच ओळखीच्या शंभर-दोनशे माणसांची यादी करायला लावतात. इतर कोणी ही यादी केली तर त्यात शेजारी, सोयरे, जुने वर्गमित्र येतात. परिचारिकेकडून मात्र त्या यादीत कोण हवे असते हे विचारणाऱ्याला पक्के माहीत असते. म्हणून एक बंधन एजंटांना परवाना देणाऱ्या यंत्रणेनेही घालावे. घरमालकाशी पहिला करार करताना ‘ओळख कशी झाली’ असा एक रकाना ठेवावा, तो मालकाने स्वतः भरावा, आणि एजंटाने गेल्या वर्षभरात मालकाची किंवा त्याच्या घरातल्या कोणाची शुश्रूषा केलेली असेल, तर त्या करारावर तिला किंवा तिच्या कंपनीला दलालीचा दावाच करता येऊ नये.